फाल्गुन-चैत्रातली सोलापूरची रानफुलं : तुमच्या घरात कोणतं फूल कुणाचं?

माळरान (धागाकर्ता)

फुलांचा ऋतू म्हटलं की आपल्याकडे सगळे कासला पळतात. तेही ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे भर पावसाळ्यात. वसंत म्हणून जो काही फाल्गुन-चैत्र येतो त्यात सोलापूरच्या बाजूला काय फुलतं असं विचारलं, तर शहरातला माणूस म्हणतो, "इथं काय असतंय? ऊन." मला हे पटत नाही. पावसाळ्यात आपल्या माळावरची फुलं जमिनीलगत असतात, वसंतात ती झाडांवर आणि काटेरी झुडपांवर चढतात. पानं गळालेली आणि फांदीला नुसती फुलं, असा मामला.

आमच्या घरात पळस वडिलांचा. ते एसटीत कंडक्टर होते, ड्यूटी बहुतेक तुळजापूर-नळदुर्गकडची. होळी झाली की एका संध्याकाळी तिकिटाच्या पेटीबरोबर जुन्या धोतरात बांधलेलं गाठोडं यायचं. आई फुलांचे देठाकडचे काळपट मखमली भाग खुडून टाकायची, पाकळ्या रात्रभर तपेल्यात भिजत घालायची आणि सकाळी उकळायची. पाणी आधी पिवळंच दिसायचं. मग पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना पडला की ढवळता ढवळता ते केशरी व्हायचं. रंगपंचमीला गल्लीत आम्हीच फक्त घरचा रंग घेऊन उतरायचो आणि त्याची लाजही वाटायची, कारण बाकीच्यांकडे चकाकणारा, आठ-आठ दिवस न जाणारा रंग असायचा.

तुमच्याकडे कोणतं फूल यायचं, कोण आणायचं, त्याचं काय करायचं? नाव माहीत नसलं तरी वर्णन लिहा. इथे ओळखणारे आहेत.

कडकलक्ष्मी

सोलापुरात वसंत असतो ही बातमी मला या धाग्यावरून कळली. आभारी आहे. आमच्याकडे उन्हाळा असतो, मग कडक उन्हाळा असतो, मग संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येते.

हुरडा_स्पेशल

कडकलक्ष्मी, गड्ड्याच्या यात्रेला स्वेटर घालून भजी खाणारे सोलापूरकर मी पाहिलेत. थंडी पण असते बे!

माळरान, माझ्या डोक्यात पटकन करडई आली. ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी असायच्या, पौष-माघात पिवळी-केशरी फुलं. आमची आई करडईला "राखणदार" म्हणायची. काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. काढणीला मात्र पहाटेच जायचं, दवानं काटे मऊ असतात तेवढ्यात. ऊन चढलं की हात लावून दाखवा! आई वडिलांच्या जुन्या शर्टाच्या बाह्या कापून हातात चढवायची आणि वरून फडकं गुंडाळायची. तरी रात्री दिव्याशी बसून सुईनं काटे काढणं चालायचंच, आणि ते काम माझं. माझी नजर चांगली म्हणून.

आगाऊ_बार्शीकर

करडई रानफूल कधीपासून झालं? पेरलेलं पीक आहे ते. उद्या कांद्याच्या फुलाच्या आठवणी येतील इथं.

हुरडा_स्पेशल

येऊ द्या की. कांद्याचं फूल तुम्ही नीट बघितलंय का कधी?

भीमातीर

आमच्याकडचं फूल सांगतो, ते कुणाच्या यादीत नसणार. वाघाटी.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या लोकांना वाघाटं माहीत असतं, पण फळ म्हणून. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना वाघाट्याची भाजी लागते. त्या दिवशी बाजारात वाघाटं असा भाव खातं की बाकीची भाजी बघत बसते. पण त्याचं फूल येतं वसंतात. वेल कुंपणावर, बोराटीवर, जुन्या पडक्या भिंतीवर चढलेली असते. काटे जोडीनं आणि मागे वळलेले. हात आत जातो, बाहेर येताना कातडी ठेवून येतो. फूल उमलतं तेव्हा पांढरं, त्यातून लांब लांब केसर बाहेर आलेले. जुनं होत जाईल तसं गुलाबी, लालसर होतं, त्यामुळे एकाच वेलीवर दोन्ही रंग दिसतात.

आमची आजी चैत्रात माहेरी, देवाला, लग्नाला जिथे कुठे जाईल तिथे वाटेतल्या वाघाट्या बघून ठेवायची. ओढ्यापलीकडे एक, मसोबाच्या मागे एक, अमक्याच्या पडीक विहिरीवर एक. लिहिता येत नव्हतं, सगळं डोक्यात. आषाढ लागला की आम्हा पोरांना बरोबर त्या त्या ठिकाणी पाठवायची आणि वेल तिथे असायचीच. फुलाकडे बघून तिनं "किती छान" म्हटल्याचं मला आठवत नाही. "ह्याला लई धरणार" म्हणायची.

भाजी कडू असते. फळं फोडून बिया काढायच्या, ताकात उकडायची, मग फोडणी. लहानपणी आम्ही नैवेद्यापुरती एक फोड गिळायचो. आता मी पानभर खातो. वय झालं म्हणा.

कडकलक्ष्मी

भीमातीर, त्या वेली अजून आहेत का? जागा कळवा की.

भीमातीर

जागा मिळणार नाही. द्वादशीला भाजी खायला या.

पूर्वभाग

आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात कन्नड. सोलापूरकरांना हे नवीन नाही. आमचं वसंतातलं फूल म्हणजे लिंबाचा तुरा. कडुनिंब म्हणा हवं तर, पण सोलापुरात लिंब तो लिंबच.

उगादीला, म्हणजे तुमच्या पाडव्याला, पच्चडी करतात. नवी चिंच, नवा गूळ, कच्चा आंबा, मीठ, तिखट आणि लिंबाची फुलं. पाला नाही, फुलंच. नायनम्मा, म्हणजे आजी, आदल्या दिवशी पहाटे आम्हाला उठवायची. कारखान्याच्या आवारात मोठं झाड होतं. त्याखाली जुनी पांढरी साडी अंथरायची आणि काकानं फांदी हलवायची. फुलं लाह्यांसारखी पडायची. वास मधासारखा गोड आणि चव जिभेवर ठेवली की तोंड वाकडं. लहानपणी मला ही सरळ फसवणूक वाटायची.

खरं काम त्यानंतरचं. देठ, पानाचे तुकडे, मुंग्या काढायच्या. नायनम्मा वर्षभर बिड्या वळायची, मांडीवर सूप असायचंच. पण त्या सुपाला तंबाखूचा वास, म्हणून फुलांचं सूप वेगळं होतं. ते भिंतीवर उंच खिळ्याला टांगलेलं, वर्षातून याच दिवसांत खाली यायचं. त्याला कुणी हात लावला तर आरडाओरडा. पच्चडीपुरती फुलं बाजूला काढून उरलेली सावलीत वाळवायची आणि डब्यात भरायची. ताप येऊन गेला, तोंडाला चव नसली की त्यातली थोडी तुपात परतून चारूत टाकायची. चारू म्हणजे आमचं चिंचेचं पातळ सार.

शेजारच्या मराठी काकू पाडव्याला लिंबाचा कोवळा पाला, गूळ, चिंच, भिजवलेली हरभरा डाळ, ओवा, हिंग वाटून गोळी करायच्या. भिंतीवरून वाटी इकडे, वाटी तिकडे. दोघींचंही मत पक्कं की समोरचीची जास्त कडू.

आज नायनम्मा नाही, सूप आहे. बायकोनं त्यात मनीप्लांट ठेवला होता. मी बोललो नाही काही, पण आईनं तो त्याच दिवशी खाली काढला.

गल्लीचा_दादा

पूर्वभाग, एक नंबर. भिंतीवरून वाट्या आमच्याकडे पण. आमच्याकडून पुरणपोळी जायची, तिकडून कडू यायचं. व्यवहार तोट्याचा होता.

नवी_पेठ

मी काल विजापूर रोडनं येताना फोटो काढलेत, खाली टाकते. टेकाडावर पूर्ण गुलाबी झाडं, एक पान नाही. मैत्रीण म्हणाली जपानमध्ये आल्यासारखं वाटतंय. सोलापुरातली चेरी ब्लॉसम! कुणी आजवर सांगितलं कसं नाही?

रोपवाटिका

नवी_पेठ, ही चेरी नव्हे, गिरिपुष्प. खेड्यात उंदीरमारी म्हणतात, बिया उंदरांना विषारी म्हणून. मूळ मध्य अमेरिकेतलं. पळसाच्या, करंजाच्या कुळातलं आहे, फूल हातात घेऊन बघा, वाटाण्याच्या फुलाची घडण दिसेल. खडकाळ जमिनीत जगतं, मुळांवाटे जमिनीला नत्र देतं, पाल्याचं हिरवळीचं खत होतं, छाटलं तरी फुटतं. म्हणून बांधावर, टेकड्यांवर भरपूर लावलं गेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडून फुलतं.

नवी_पेठ

चेरी नसेना का. सुंदर तर आहे ना? मी परत जाणार, आईला घेऊन जाणार.

गवताळ

सुंदर आहे, पण माळावर ते लावून जे झालं त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. जरा लांबेल.

आपल्याकडे उघडा माळ दिसला की लोकांना तो ओसाड वाटतो. मग तिथे झाडं लावायची, फोटो काढायचे. पण सोलापूरचा माळ हे जंगल मरून उरलेलं काही नाही. तो गवताळ प्रदेश आहे, कमी पावसाचा, उथळ मुरमाड मातीचा. माळढोक, धाविक, चंडोल हे पक्षी आणि काळवीट, लांडगा, खोकड ही मंडळी त्या उघडेपणावर जगतात. माळढोकाला लांबवर दिसलं पाहिजे, अंडं तो उघड्या जमिनीवर घालतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर, पुढे ते १,२२२ वर आणलं. आज माळढोक दिसला तर बातमी होते. शिकार, शेती, विजेच्या तारा अशी कारणं बरीच आहेत, पण गवतात झाडं घुसवणं हेही त्यातलं एक.

माझे वडील धनगरांबरोबर लहानपणी माळावर हिंडलेले. त्यांचं वसंतातलं फूल म्हणजे नेपती. काटेरी, बिनपानाचं हिरवं झुडूप, लांबून वाळलेला काटक्यांचा ढीग वाटतो. मार्च-एप्रिलात त्याला विटकरी लाल फुलं येतात. राजस्थानात केर-सांगरीच्या भाजीतली केर ती हीच. वडील ती फुलं दाखवायचे आणि सांगायचे की मेंढरांना दुपारची बसवायची तर नेपतीच्या आडोशाला, वारा अडतो. आता त्या जागी गिरिपुष्पाच्या रांगा आहेत. वडिलांना घेऊन गेलो होतो. ते गाडीतून उतरलेच नाहीत.

नवी_पेठ

गवताळ, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण आमच्या पिढीनं तिथं गुलाबी झाडंच पाहिली. आमची आठवण कशाची असणार मग? फोटो काढल्याबद्दल मला झापू नका एवढंच.

गवताळ

तुम्हाला झापत नाही हो. लावणाऱ्यांना झापतोय.

आगाऊ_बार्शीकर

पळसाबद्दल एक दुरुस्ती. सोलापूरकरांनी पळसावर हक्क सांगू नये. पळस बघायचा तर बार्शीच्या पुढे, येडशी-रामलिंगकडे, बालाघाटाच्या अंगाला या. धागाकर्त्याच्या वडिलांनीही तो तुळजापूरकडूनच आणला, म्हणजे शेजारच्या जिल्ह्याचा माल.

आमच्याकडे पळसाचं फूल म्हणजे पंचांग होतं. फुलं झडली की नवी पानं येणार, पानं आली की पत्रावळ्या, पत्रावळ्या म्हणजे लग्नसराई. थोरल्या काकू दुपारभर ओसरीवर पानं लावायच्या. कोवळं पान चालत नाही, फाटतं. जून झालं की तडकतं. मधलं पान ओळखायला बोटं लागतात, काकू न बघता ओळखायच्या. बारीक काड्यांनी टाचून पत्रावळ्या दगडाखाली दाबून ठेवायच्या. त्यावर गरम भात पडला की जो वास सुटतो तो थर्माकोलला काय येणार?

खडकी

सगळं वाचलं. छान लिहिताय सगळे. पण मला थोडं खटकतंय म्हणून लिहिते.

सगळ्यांच्या आज्या, आया फुलं वेचतायत, वाळवतायत, रंग करतायत. माझी आई १९७२ च्या दुष्काळात सांगोल्याकडे पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होती. तेव्हा तिचं लग्न होऊन थोडेच दिवस झालेले. पोटाला मिलो ज्वारी आणि सुकडी. मी तिला हा धागा वाचून दाखवला, मोठ्यानं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पळस फुललावता की त्या साली बी."

मी विचारलं, मग? बरं वाटायचं का बघून?

म्हणाली, "बरं कशाचं. त्याला पान नसतंय. जेवायच्या सुट्टीत समद्या बायका लिंबाखाली कोंबायच्या, जागा पुरायची न्हाई. तो लाल भडक हुबा, आन् खाली सावली न्हाई बोटभर."

तेव्हापासून तिला पळस आवडत नाही. आमच्या दारात लिंब आहे, चांगला वाढलेला. पालिकेची माणसं विजेच्या तारांसाठी फांद्या तोडायला आली की ती खुर्ची टाकून खाली बसते आणि कुठली फांदी तोडायची ते स्वतः सांगते.

माळरान

खडकी, असा विचार मी कधीच केला नव्हता. आईंना नमस्कार सांगा. अजून काही आठवत असेल तर विचारून लिहाल का?

कडकलक्ष्मी

खडकी, मी आधी थट्टा केली होती, तुमची पोस्ट वाचून आईला फोन केला. ती म्हणाली, आमच्या घरी ७२ मध्ये लिंबाचा पालासुद्धा शेळ्यांना घातला. मला हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं बोलतोय आम्ही रोज.

भीमातीर

खडकी, मुद्दा बरोबर. पण माझ्या आजीचं वेचणंही हौसेचं नव्हतं. फुलांना वेळ होता म्हणून ती बघत नव्हती, काम होतं म्हणून बघत होती. हौस आमची आहे, शहरात येऊन झालेली.

पूर्वभाग

भीमातीर, अर्धं पटलं. नायनम्मा फुलं निवडताना गायची. बिड्या वळताना कधी गायली नाही. हजार बिड्यांचा हिशोब असायचा ना.

जुना_मिलवाला

मी मिलच्या चाळीत वाढलो. भोंग्यावर उठणं, भोंग्यावर जेवण. चाळीच्या मागे मैदानाच्या टोकाला एकच काटेसावर होती. माघ-फाल्गुनात तिची ती जाड मांसल लाल फुलं यायची आणि अख्खी खाली पडायची. धप्प. क्रिकेट खेळताना डोक्यावर पडलं तर बॅट्समन आउट धरायचा असा आमचा नियम होता. फुलं असेपर्यंत मैना, बुलबुल, कावळे, खारी यांचा नुसता कालवा.

गंमत ऐका. वडील सूतगिरणी खात्यात, घरात चारी बाजूनं कापूस, कपड्यात कापूस, वडिलांच्या भुवयांवर कापूस. तरी आईच्या उशा सावरीच्या. एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटली की चाळीतल्या बायका ती गोळा करायच्या. हा कापूस काततात थोडाच, धागा गुळगुळीत, पीळ धरत नाही. पण उशीला थंड. वडील म्हणायचे, "दिवसभर ज्याच्याशी झटलो त्याच्यावर परत डोकं ठेवायचं का?"

मिल बंद पडली तेव्हा देणी मिळायला फार उशीर झाला, तो विषय इथे नको. चाळ पाडली, सावर गेली. एक उशी माझ्याकडे आहे. गाठी झाल्यात, वापरता येत नाही. धुनकऱ्याला दाखवली तर तो म्हणाला सावरीचा कापूस पिंजायला परवडत नाही, उडून जातो सगळा.

चादर_नंबर_एक

मिलवाले काका, डोक्यावर फूल पडून आउट हा नियम आम्ही सोसायटीत लावणार. आमच्याकडे गुलमोहर आहे, पाकळ्याच पडतात, कुणी आउटच होणार नाही.

वेधशाळा

कुणी बहाव्याचं नाव घेतलं नाही? माझे आजोबा सांगायचे, बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस. व्हॉट्सअॅपवर पण फिरतंय.

रोपवाटिका

बहावा फुलतो एप्रिल-मेमध्ये, त्यात पंचेचाळीस दिवस मिळवले की जून येणारच. हवामानखातं बंद करून बहावा लावायला हरकत नाही. 

गंभीरपणे सांगायचं तर एकाच रस्त्यावरचे दोन बहावे वेगवेगळ्या आठवड्यांत फुलतात. पाणी, जमीन, झाडाचं वय, छाटणी यांवर ते ठरतं. आणि सोलापुरात जूनचा पाऊस तोंड दाखवून जातो, खरा जोर सप्टेंबरात. आपली ज्वारी त्याच परतीच्या ओलीवर येते. बहाव्याला एवढं पुढचं विचारू नका.

वेधशाळा

आजोबांनी त्यावर आयुष्यभर पेरण्या केल्या.

रोपवाटिका

आणि दुबार पेरणी किती वेळा केली?

वेधशाळा

ते त्यांनी सांगितलं नाही.

काळी_जमीन

मंगळवेढ्याचा शेतकरी. ज्वारी निघाली की रान मोकळं, मग तिथं जे येतं ते आमचं वसंतातलं फूल. पिवळा धोतरा. पानाला काटे, फूल पिवळंजर्द, मोडलं तर चीकही पिवळा. जांभळी काटेरिंगणी जमिनीला चिकटून. पायात चप्पल नसायची, त्यामुळे दोन्हीची ओळख तळपायाला आधी झाली.

धोतऱ्याच्या बोंडात मोहरीगत काळं बी असतं. लहानपणी आम्ही दुकान-दुकान खेळताना तेच मोहरी म्हणून विकायचो. आईनं एकदा चुलीपाशी पुडी बघितली आणि पाठीत धपाटा घातला, घरात आणायचं नाही म्हणून. कारण मोठेपणी कळलं. १९९८ ला दिल्लीत मोहरीच्या तेलात ह्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन माणसं सुजली, दगावली. आईला ते कुणी सांगितलं असेल? शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं तिनं.

गल्लीचा_दादा

मोहरी म्हणून विकायचा! तरीच मंगळवेढ्याची माणसं हिशोबाला पक्की.

काळी_जमीन

धंदा लहानपणापासून शिकावा लागतो.

नवी_पेठ

गवताळ, आज आईला नेलं. गिरिपुष्प बघायला गेलो आणि तिनं खाली वाकून वेगळंच दाखवलं. पिवळ्या पाच पाकळ्यांच्या फुलांचं झुडूप, चपट्या शेंगा. ती म्हणते तरवड. चामडं कमावायला साल लागायची म्हणून तिचे मामा गोळा करायचे. बरोबर आहे का?

गवताळ

बरोबर. तरवडच. सालीत टॅनिन भरपूर, कातडी कमावायला पूर्वी फार वापर. आणि तो इथलाच, कुणी आणून लावलेला नाही. आईंना विचारा अजून काय काय माहीत आहे, त्यांना इथे खातं उघडून द्या.

पूर्वभाग

तरवड आमच्याकडे बतुकम्माला लागतो. तंगेडू म्हणतात. पण तो आश्विनात, तेव्हा माळ पिवळा असतो. उन्हाळ्यात एखादं झुडूप फुललेलं दिसलं की आई आजही म्हणते, "ह्याला कोण सांगणार सण लांब आहे म्हणून."

खडकी

माळरान, तुम्ही विचारलं होतं म्हणून आईला परत छेडलं. तिच्या मते आवडायचं असं एकच फूल होतं, करंजाचं. तलावाच्या कामावरून परत येताना ओढ्याच्या काठी करंज होते. चैत्र-वैशाखात त्याची बारीक पांढरी-गुलाबी फुलं पडून ओढ्याच्या वाळूवर थर व्हायचा. बायका पायातल्या चपला हातात घेऊन त्यावरून चालायच्या. दिवसभर खडीवर बसून पाय भाजलेले. "गार लागायचं," एवढंच म्हणाली. आणि नवी पालवी तेव्हाच येते करंजाला, त्यामुळे वर सावलीही.

भीमातीरना सांगा, हे काम नव्हतं म्हणाली.

भीमातीर

मान्य. शब्द मागे.

माळरान

रविवारी कुणी येणार असेल तर सकाळी वनविहारच्या फाटकाशी भेटू, तिथून हिप्परग्याला. नेपती कुठे शिल्लक आहे ते गवताळ दाखवतील. सात वाजता?

कडकलक्ष्मी

सातला सोलापुरात दुपार होते. सहाला या. फुलं तोडायची नाहीत, पडलेली उचलायची.

जुना_मिलवाला

मी येतो. गुडघे धरतात, गाडीची सोय कुणाकडे आहे?

चादर_नंबर_एक

काका, अशोक चौकातून उचलतो तुम्हाला. पावणेसहा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी माझ्याकडून, ताक कुणीतरी आणा.

आगाऊ_बार्शीकर

बार्शीहून पहिली एसटी किती वाजता सुटते ते बघून सांगतो. धागाकर्त्याच्या वडिलांना विचारा, त्यांना पाठ असेल.